लाल फितीच्या सात बाया

जीप पारापाशी सव्वा तास उभी होती आणि सातपैकी एकही बाई आली नव्हती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. पारावरची माणसं आमच्याकडे पाहून मान फिरवत होती. एरवी पथकाची गाडी आली की निदान चहाचं तरी कोणी विचारतं. त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

मी तेव्हा अमरावतीच्या एका आरोग्य संस्थेत समुपदेशक होते. समुपदेशक म्हणजे तपासणीच्या आधी आणि रिपोर्टनंतर पेशंटशी बोलणारी बाई. त्या वर्षांत वऱ्हाडात पथकांचा नुसता सुकाळ होता. आत्महत्यांच्या बातम्या दिल्ली-मुंबईपर्यंत गेल्या, तशी दर आठवड्याला कोणाची ना कोणाची गाडी गावात शिरायची. कोणी माती तपासायचं, कोणी मन, आम्ही रक्त. या गावाचं नाव मी लिहिणार नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या शिवेवरचं, एवढं पुरे.

जीप आली त्याच्या दहा दिवस आधी तिथे आमचा कॅम्प झाला होता. बायकांची स्तनाच्या कॅन्सरची तपासणी. डॉक्टरबाई हाताने तपासायच्या आणि गाठ लागली की अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या. सोबत बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिनही बघत होतो. गर्दी खूप झाली. अशा गर्दीत पुढे पाठवायच्या बाया हमखास हरवतात. चिठ्ठी दिली तर ती पदराच्या गाठीत जाते आणि धुण्यात तिचा लगदा होतो. म्हणून माझी एक पद्धत होती. जिला पुढे पाठवायचं तिच्या पदराला रिबीन टाचायची. सिस्टर मग रिबीनवाल्या बायांना बाजूला बसवून नाव-पत्ता लिहून घ्यायच्या. त्या कॅम्पात अशा सात निघाल्या; जीप त्यांनाच अकोल्याला न्यायला आली होती.

या रिबिनींबद्दल थोडं सांगते. मधोमध वळसा घालून, टोकं एकमेकांवर तिरपी सोडून छातीवर लावलेली छोटी फीत तुम्ही पाहिली असेल. लाल म्हणजे एचआयव्ही-एड्स. गुलाबी म्हणजे स्तनाचा कॅन्सर. काळी म्हणजे शोक, ती सगळ्यांना कळते. पिवळी बऱ्याच ठिकाणी आत्महत्या रोखण्याच्या कामासाठी वापरतात, आणि त्या वर्षांत आमच्या ऑफिसात पिवळीचेच खोके जास्त पडलेले असायचे. हे रंग कोणी सरकारी हुकमाने ठरवलेले नाहीत. एकेका आजाराची माणसं एकेक रंग धरून बसली आणि तो रूढ झाला. कधी एकाच रंगावर दोन-तीन आजार हक्क सांगतात.

कॅम्पसाठी मला गुलाबी हवी होती. अमरावतीला लेस-बटणांचं दुकान असलेले रफिकभाई आमचे नेहमीचे. आदल्या दिवशी गेले तर ते म्हणाले, "मॅडम, गुलाबी तं खतम झाली. चार दिवसानं येईन. लाल पडली आहे बंडलभर, पन थे तं तुमी एड्सवाल्या प्रोग्रामले नेता ना?"

"द्या हो रफिकभाई. पदराला खूण करायची आहे फक्त. रंगाने काय होतंय!"

रफिकभाईंनी खांदे उडवले आणि बंडल कागदात गुंडाळून दिलं. एका दुकानदाराला जे सुचलं ते मला सुचलं नाही, आणि मी त्या विषयात बारा वर्षं नोकरी केली होती.

जीपपाशी थांबून कंटाळले तेव्हा मी गावच्या सिस्टरांकडे गेले. लता सिस्टर उपकेंद्राच्या नर्स, गावातल्या घराघरात जाणाऱ्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, कोनी येत नाई आता. गावात बोभाटा झाला. सात जनीयले एड्स निघाला असं म्हनून राहिले लोकं."

मला आधी अर्थच लागेना. "आपण एचआयव्हीची तपासणी केलीच नाही!"

"रक्त घेतलं ना तुमी? आनि मंग सातजनीयलेच लाल फीत लावली. मागच्या साली याच शाळेत तुमीच पोस्टर लावून सांगतलं का नाई, लाल फीत म्हंजे कोनता आजार? पोरायनं घोषना देल्या. साऱ्या गावाले पाठ आहे थे."

लाजेने कान तापल्याचं अजून आठवतं.

सातपैकी सहा जणींच्या गाठी डॉक्टरबाईंना साध्या वाटत होत्या, खात्रीसाठी पाठवायच्या होत्या. सातवीची चिंता होती. सुमनबाई, वय चाळीसच्या आत, दोन मुली. तिची गाठ कडक होती आणि हलत नव्हती. "हिला लवकर न्या," असं डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी सिस्टरांना घेऊन तिच्याच घरी गेले.

सुमनबाई घरात नव्हती, मागे बैलांच्या कोठ्यात होती. तिथेच तिची वाकळ, ताट आणि लोटा. पाण्याचं मडकं वेगळं. सासू अंगणात तूर निवडत बसली होती, तिने वर पाहिलं नाही. नवरा गजानन कापसाच्या जिनिंगवर ट्रॅक्टर चालवायचा. त्याने मूर्तिजापूरला जाऊन स्वतःचं रक्त तपासून आणलं होतं आणि तो रिपोर्ट शर्टाच्या खिशात घालून भेटेल त्याला दाखवत हिंडत होता.

"मले काई नाई निघालं, मॅडम, हे पाहा," तो माझ्यावर ओरडला. "मंग इले कुठून आलं, असं इचारून राहिले लोकं. काय सांगू मी?"

त्याच्या निर्दोषपणाच्या कागदाने बायकोची उरलीसुरली अब्रूही गेली, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्याला सगळं समजावलं. रिबीन चुकीची होती, चूक माझी होती. गजाननने रिपोर्ट परत खिशात घातला. मग हळू आवाजात म्हणाला, "हे मले सांगून काय उपेग? गावाले सांगा."

सुमनबाईला मी म्हटलं, "आत्ता चला माझ्यासोबत. जीप उभी आहे."

"नाई येत." तिने डोळे पुसले नाहीत, रडतही नव्हती. "आता दवाखान्यात गेली तं पक्कंच होईन. लोकं म्हनतीन, पाहा, गेली औषद-गोया आनाले. मायी मोठी लग्नाची आहे, मॅडम. मी मेली तं चालन, पन पोरीच्या नावानं हे नको."

जीप रिकामी परत आली.

आमचे प्रकल्प प्रमुख डॉक्टर होते, आम्ही त्यांना सरच म्हणायचो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि उपाय सांगितला. "ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून जाहीर करा. सातही महिलांना एड्स नाही. विषय संपला."

मी टेबलाशी बसून तो मजकूर लिहायला घेतला. 'कोणीही घाबरू नये, या महिलांना तो आजार नाही,' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. कारण त्या गावात एका बाईला तो आजार होता.

तिला मी शांता म्हणते. हे तिचं नाव नव्हे. नवरा त्याच आजाराने गेलेला, गावाला वाटायचं काविळीने गेला. दर महिन्याला अकोल्याकडच्या माहेरी जाते असं सांगून ती अकोल्याला गोळ्या घ्यायला जायची. गावात हे फक्त तिला ठाऊक होतं, गावाबाहेर मला आणि अकोल्याच्या डॉक्टरांना. सिस्टरांनाही नाही. आमच्या धंद्यात जे कळतं ते तोंडातून बाहेर काढायचं नसतं. मी भोंग्यावरून 'या सातजणींना कोणी घाबरू नये, त्यांना तो आजार नाही' असं ओरडले असते, तर ज्याला तो आजार आहे त्याला घाबरायलाच हवं, म्हणजे शांताला घाबरायलाच हवं, असं मीच जाहीर केलं असतं.

"सर, असं नाही सांगता येणार."

"मग कसं सांगणार?"

"माहीत नाही. पण तिथे जाऊन सांगते."

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत बायका जमवल्या. कापूस वेचणीचे दिवस, तरी खोली भरली. सुमनबाईलाही सिस्टरांनी हाताला धरून आणलं होतं. ती दाराशी आपला लोटा घेऊन बसली. तिच्याभोवती दोन हात जागा मोकळी होती. शांता समोरच्या भिंतीशी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मी उभं राहून सरळ सांगितलं. गुलाबी फीत मिळाली नाही, मी लाल लावली. हा गाढवपणा माझा. तपासणी छातीच्या गाठीची होती, त्या आजाराची नव्हतीच.

मग सुमनबाईची सासू म्हणाली, "बरं बाई, चूक झाली तुमची. पन खरंच थो आजार असता, तं मी इचं पानी येगळं केलं थे बरोबरच होतं ना?"

"नाही, आजी. पाण्याने होत नाही तो. एका ताटात जेवल्यानेही नाही. शेजारी झोपल्यानेही नाही. म्हणजे तो असता तरी तुम्ही चुकीचंच केलं असतं."

बायकांनी ऐकलं. माना डोलावल्या. दाराशी मोकळी जागा होती तेवढीच राहिली. मान डोलावणं आणि जवळ सरकून बसणं यात किती अंतर असतं ते मी त्या दुपारी मोजत होते.

तेवढ्यात शांता उठली. सगळ्यांच्या मधून चालत दाराशी गेली आणि सुमनबाईजवळ मांडी घालून बसली. "तहान लागली व माय," म्हणाली आणि तिच्या हातातला लोटा घेऊन घटाघटा प्याली. तोंड पदराने पुसलं.

"सुमन, अकोल्याले मी येईन तुयासंगं. मायं माहेरी जानं असतेच तिकडं. बसनं जाऊ. गाडी नको, गाडी आली का लोकं पाहातेत."

खोलीत कोणीतरी म्हणालं, "हिंमतीची आहे शांता." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि ते का, हे तिथे कोणालाही सांगायची मला मुभा नव्हती.

चार दिवसांनी दोघी एसटीने अकोल्याला गेल्या. मी स्टँडवर घ्यायला होते. बाकीच्या सहाजणी मागाहून तपासून आल्या, त्यांच्या गाठी साध्या होत्या; सुमनबाईची मात्र कॅन्सरचीच निघाली. ऑपरेशन झालं, स्तन काढावा लागला, मग औषधांचे डोस. केस गेले, परत आले. थोरलीचं लग्न तिने उभं राहून लावलं. पाच वर्षांनी आजार हाडात उतरला आणि ती गेली. कोठ्यात गेलेल्या त्या आठवड्यांनी काही फरक पडला का, असं मी अकोल्याच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." या उत्तराने माझी झोप अनेकदा मोडली आहे.

शांता आजही गोळ्या घेते. हे लिहिण्याआधी मी तिला विचारलं. म्हणाली, "लिवा. पन गावाचं नाव नका टाकू."

त्या वेळी सरांनी माझ्याकडून लेखी अहवाल मागितला होता. कारणाच्या रकान्यात मी 'रिबिनीचा रंग चुकीचा' असं लिहिलं. मग आदल्या वर्षीच्या एड्स कार्यक्रमाची फाइल जोडायला काढली. त्या गावासाठी दोन भेटी ठरल्या होत्या. पहिली, 'लाल फीत म्हणजे काय.' ती झाली होती. दुसरी, 'आजारी माणसासोबत कसं राहावं.' त्या दिवशी आमची जीप एका मंत्र्याच्या दौऱ्याला गेली, म्हणून ती भेट रद्द झाली होती. पुढे शेरा होता, 'फारसं नुकसान नाही.' खाली सही माझी होती. मी अहवालातलं कारण खोडलं आणि त्या जागी 'दुसरी भेट रद्द' असं लिहून पुढे हा शेरा जसाच्या तसा उतरवला.