टॉफीचा बिल्ला

माझ्या बायकोचे मामा वीस वर्षं क्वेकर्स हिल या ऑस्ट्रेलियन उपनगरात राहत असले, तरी त्यांचा खरा मुक्काम जमिनीखाली वीतभर असतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी मेटल डिटेक्टर घेतला. तेव्हापासून दुपार कलली की काउन्सिलच्या परवानगीचं पत्र खिशात घालून आणि कानांना हेडफोन लावून ते पार्कात जातात, नि झोपेत चालल्यासारखे गवतावरून हळूहळू फिरत राहतात. समोरचा माणूस त्यांना दिसतच नाही. एकदा प्रत्यक्ष व्याह्यांनाच त्यांनी “जरा पाय बाजूला घ्या” असं सांगितलं आणि खालची माती उकरून बिअरच्या बाटलीचं झाकण त्यांच्या हातावर ठेवलं. खणलेली हिरवळ परत बसवताना मात्र झोपलेल्या बाळाला थोपटावं तशी थोपटतात. क्वचित एखादी कांगारू छापलेलं जुनं पेनीचं नाणं मिळतं, एरवी खिळेच. मामींनी एकदा पोह्यांचा म्हणून डबा उघडला, तर आत गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजत होते. मामींनी डबा उचलून थेट मागच्या अंगणात नेऊन ठेवला. मामा शांतपणे एवढंच म्हणाले, “अगं, कुणाच्या तरी हातून पडलेलं आहे ते.”

गेल्या एप्रिलमध्ये त्यांना एक पितळी बिल्ला सापडला. टूथब्रशने घासल्यावर त्यावर कुत्र्याचं नाव दिसलं, टॉफी, आणि पार्कामागच्याच रस्त्यावरचा पत्ता. इतक्या वर्षांनी तिथे कोण असणार, असं मी म्हटलं. मामा तीन दिवस बिल्ला ताटाशेजारी ठेवून जेवले. शनिवारी मला ओढतच तिकडे घेऊन गेले, आणि बेल वाजवून झाल्यावर हळूच माझ्या मागे सरकले.

दार ऐंशीच्या घरातल्या एका गोऱ्या आजोबांनी उघडलं. मामांनी माझ्या मागूनच बिल्ला ठेवलेला तळहात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने पार्काकडे बोट दाखवलं. आजोबांनी बिल्ला डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग सांगू लागले, टॉफी हरवला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. गळ्यात बिल्ला आहे, कुणीतरी आणून सोडेल, असं आई रोज म्हणायची. पुढे तिनेही म्हणायचं सोडलं.

“म्हणजे हा बिल्ला इतकी वर्षं इथेच पडला होता, मेट,” ते मामांना म्हणाले.

मग मोज्यांवरच पायरी उतरून ते अंगणात आले, दोन बोटं ओठांत घातली आणि पार्काच्या दिशेने शीळ घातली. शीळ धड वाजलीच नाही, नुसती हवा निघाली. तरी मामा बराच वेळ तिकडे बघत राहिले. आणि मीही.