बंदुकीचा पुसलेला आकडा

बंदूक घासली म्हणून बायकोवर दस्ता उगारायचा? नवरा आहे की कसाई?

आज खंडेनवमी. शस्त्रं पूजायची तर चकचकीत नकोत? याने गॅरेज सेलमधून आणलेली जुनी, लिव्हर ओढून गोळी भरायची रायफल मी चिंच लावून तारेने घासली.

ऑफिसातून आला आणि किंचाळला, "नंबर घालवलास! त्यावरून कारखान्याच्या दप्तरात सापडणार होतं, कधी बनली ते!" पूजेच्या पाटावर दस्ता हाणला. पाट दुभंगला. मग माझ्याकडे वळला.

मी नारळ उचलला. "ये पुढे, टाळकंच फोडते."

तेव्हा थांबला.

शेवटचा आकडा तीन की आठ, कळत नाही. नोव्हाय गावातल्या मराठी मंडळींनो, ग्रुपवर फोटो टाकलाय. शुक्रवारपर्यंत सांगा. नाहीतर शनिवारी रायफल हातोड्याने ठेचणार. टाळक्याचं अजून ठरलेलं नाही.