खंडेनवमीला राबलेला ब्लोअर

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, आणि हे वाचून तुमचा बसावा अशीही इच्छा नाही. बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात मी मेंटेनन्समध्ये उभी हयात घालवली. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर शोधणारा कच्चा – हे मी हाताखालच्या लोकांना येता-जाता ऐकवायचो. तेव्हा पुढचं लिहिताना माझी किती पंचाईत होतेय ते समजून घ्या.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमचं घर बडोद्यात, पाणीगेटच्या बाहेर, वाघोडिया रोडच्या बाजूला. तेव्हा सोसायटीत एखाद-दुसऱ्या खिडकीत एसी दिसायला लागले होते. मला मात्र सगळं घर एकदम गार करायचं होतं, आणि तेही स्वतःच्या हातानं. भंगारात निघालेला एक मोठा ब्लोअर आणला, गच्चीवर बसवला, भोवती वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी सोडायला छोटा पंप, आणि तिथून पत्र्याचा डक्ट खाली प्रत्येक खोलीत. शेजारी हसले – विनूभाईंनी घरातच कारखाना काढला म्हणे! मे महिन्यात मात्र तेच शेजारी काहीतरी निमित्त काढून आमच्या हॉलमध्ये येऊन बसायचे.

घरात मी, बायको नीला, पाच वर्षांची मुक्ता आणि माझी आत्या. आत्या जुन्या शहरात, घडियाळी पोळात वाढलेली. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, संस्थानच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, नोकरीला होते. त्यामुळे खंडेनवमी, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची शस्त्रपूजा, हा तिचा सगळ्यात मोठा सण. तलवारी गेल्या तशी तिनं त्यांच्या जागी मिक्सरला बसवलं. नीलाची कात्री, माझे पाने-पक्कड, स्कूटरची किल्ली – सगळं देव्हाऱ्यापुढच्या पाटावर. ज्याची पूजा झाली त्याला त्या दिवशी सुट्टी. ब्लोअर काही गच्चीवरून उचलून आणता येत नाही, म्हणून आत्या जिन्याखालच्या बोर्डातून त्याचा चिनीमातीचा फ्यूज उपसून आणायची आणि तो पाटावर मांडायची. तोही चालू मशीनचा!

"आत्या, निदान आधी स्विच तरी बंद करत जा," मी ओरडायचो.

"तुझ्या जन्माआधीपासून शस्त्रं हाताळतेय मी. तू नको शिकवूस."

या बाईपुढे माझं कधी चाललं नाही. आणि खरं सांगू? मला तिचं फार कौतुक वाटायचं. ती कुकरला शाबासकी द्यायची, इस्त्रीची विचारपूस करायची. मी चेष्टा करायचो, पण तिच्या हातातली वस्तू कधी बिघडायची नाही हेही खरं.

त्या वर्षी नवरात्रात मुक्ताला मलेरिया झाला. ऑक्टोबरचा उकाडा, अंगाची नुसती काहिली. अष्टमीच्या संध्याकाळी ताप इतका चढला की पोरीला झटका आला. ते दृश्य आजही आठवायला नको वाटतं. आमचे डॉक्टर गुजराती, घरच्यासारखे. दवाखान्यात खाटा पार व्हरांड्यात आल्या होत्या. ते म्हणाले, "त्यां गरमीमां क्यां नाखशो? तमारे घेर ठंडक छे, अहीं ज राखो. पण ताव चढवा न देशो. फरी आंचकी आवी, तो सीधा दाखल." म्हणजे पोरीला घरच्या गारव्यातच ठेवायचं, ताप चढू द्यायचा नाही, आणि पुन्हा झटका आला तरच थेट दवाखाना. सगळी भिस्त गार पाण्याच्या पट्ट्यांवर आणि माझ्या ब्लोअरवर.

नवमीला सकाळी आत्यानं पूजा मांडायला घेतली. या वेळी ब्लोअरला सुट्टी नाही, हे तिचं तीच म्हणाली होती. बोर्डापाशी उभी राहून ती त्याला सांगत होती, "पोरीला बरं नाही रे. पूजेपुरता काढते, लगेच लावते." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तिनं फ्यूज काढून पाटावर ठेवला... आणि तेवढ्यात आतून नीलाची हाक आली – "आत्या, लवकर या! मुक्ता कशी करतेय बघा!"

आम्ही धावलो. मुक्ता डोळे फिरवत होती; झटका मात्र आला नाही. पट्ट्या, पाणी, तळपाय चोळणं... थोड्या वेळानं ती जरा शांत झाली. आत्या तिच्या उशाशी बसून राहिली आणि मला म्हणाली, "विनू, पूजा अर्धी टाकू नये. तू जाऊन दोन फुलं वाहून ये." मी गेलो. प्रत्येक वस्तूला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. फ्यूजलाही. लक्ष सगळं आतल्या खोलीत.

दुपारी डॉक्टर आले. डक्टच्या जाळीखाली उभे राहून त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "आ तो काश्मीर छे!" आम्ही तिघंही कसनुसे हसलो.

दिवस कलायला लागला तेव्हा मुक्ताला दरदरून घाम फुटला. ताप उतरला. तिनं डोळे उघडले आणि पहिली चौकशी काय केली असेल? "बाबा, उद्या दसऱ्याची फाफडा-जलेबी आणणार ना?" नीला हमसून हमसून रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. आणि तेव्हाच छतातली ती नेहमीची घरघर हळूहळू खाली आली... आणि थांबली.

मी गच्चीवर पळालो. बेल्ट ताठ. चाक हातानं फिरवलं, लोण्यासारखं फिरलं, म्हणजे बेअरिंग ठीक. मोटर गरम, पण जळकट वास नाही. टेस्ट लॅम्प लावला – करंटच येत नव्हता. खाली येऊन जिन्याखालचा बोर्ड उघडला. ब्लोअरच्या फ्यूजची जागा रिकामी.

"नीला, इथला फ्यूज कोणी काढला?"

आत्या दारात आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "अगं बाई! लावायचाच राहिला की!"

फ्यूज पाटावरच होता. त्याच्यावर मी वाहिलेलं फूल सुकून गेलं होतं.

फ्यूज सकाळपासून इथे, मग काश्मीर कुठून आलं? माझी अक्कल तिथेच गहाण पडली. सकाळी ब्लोअर थांबला नाही हे आमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. चालू असलेल्या गोष्टीकडे कोण लक्ष देतं हो? पुढे मी आमच्या प्लांटच्या इलेक्ट्रिशियनला घरी आणून सगळं वायरिंग उघडून दाखवलं. दुसरी लाइन नाही, कुठे जोड नाही, काही नाही. तो म्हणाला, "साहेब, आत्याबाईंनी दुपारी काढला असेल." दुपारी काढला असेल, तर सकाळी मी कुंकू लावलं ते कोणत्या फ्यूजला? आजतागायत मला उत्तर मिळालेलं नाही, आणि मी शोधायचा आळस केलेला नाही.

पण त्या संध्याकाळी मी फ्यूज घेऊन बोर्डाकडे निघालो, तेव्हा आत्यानं माझा हात धरला.

"आता नको, विनू. सणाच्या दिवशी दिवसभर राबलाय तो. पोरगी सुधारली. आता त्याला बसू दे."

एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी फ्यूज गुपचूप पाटावर परत ठेवला. मग आम्ही तिघं आळीपाळीनं वर्तमानपत्रानं मुक्ताला वारा घालत बसलो.

दसऱ्याला सकाळी फ्यूज बसवला आणि ब्लोअर पहिल्या झटक्यात सुरू झाला. आपट्याची पानं आणली होती. आमच्याकडे पहिलं सोनं आत्याच्या हातात द्यायचं, ही रीत. मी मात्र आधी गच्चीवर गेलो. पान ब्लोअरच्या पायाशी ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळलो, तर आत्या जिन्याच्या तोंडाशी उभी. आता ही वर्षभर चिडवणार असं मला वाटलं. पण डोक्यावरचा पदर सारखा करून तिनंही हात जोडले.