गौडाच्या कट्ट्यासमोरचा चढ

आमच्या गावात आम्हाला मोटारसायकल चालवायला बंदी नव्हती. उतरायची सक्ती होती.

अळणावरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला आमचं गाव. ओढा ओलांडला की वेशीपर्यंत खडा चढ, आणि चढाच्या माथ्यावर, वाटेला अगदी लागून, गौडाचा कट्टा. गौडा म्हणजे गावचा पाटील, सावकार आणि न्यायाधीश, तिन्ही एकाच पटक्याखाली. त्या कट्ट्यासमोरून आमच्या खालच्या केरीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, माणसानं बसून जायचं नाही. सायकल असो नाहीतर बैलगाडी, उतरायचं, चपला हातात घ्यायच्या, कट्टा मागं पडला की पुन्हा पायात घालायच्या. शिवाशिवीच्या उतरंडीत आम्ही तळाचं मडकं, म्हणून. दुसरं कारण मला आजवर कोणी सांगितलेलं नाही, आणि मी पुष्कळांना तोंडावर विचारलेलं आहे.

मी तेव्हा धारवाडात, मळमड्डीच्या एका खोलीत राहायचो. शिवाशिवीविरुद्ध लढणाऱ्या आमच्या मंडळाची पत्रकं लिहायची, छापखान्यात उभं राहून ती छापून घ्यायची आणि खेडोपाडी वाटायची, हे माझं काम. साहजिकच कट्ट्यावरही मी एक पत्रक काढलं. ‘अमानुष’ हा शब्द त्यात इतक्या वेळा आला की छापखान्यातला जुळारी खिळ्यांचा रिकामा खण दाखवत म्हणाला, “अण्णा, ‘ष’ संपला. आता थोडं माणुसकीचं लिहा.”

गौडानं ते पत्रक कट्ट्यावर बसून दुसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, पान चघळत शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, “झकास लिहितंय पोरगं. पण मी कुणाला उतरवलंय? त्या चढाला सगळेच उतरतात. दगड उतरवतात. दगडांवर काढ म्हणावं पत्रक.”

हे मला अव्वानं, म्हणजे आईनं, सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण त्यातलं अर्धं खरं होतं. चढ होताच तसा. गाड्यांच्या दोन खोल चाकोऱ्या, त्यांच्या मध्ये पावसानं कापलेली घळ, आणि जिकडेतिकडे जांभ्याचे सुटे धोंडे. वरच्या आळीतले लोकही सायकलवरून उतरायचे. पण चढ संपला की ते लगेच पुन्हा बसायचे, आणि आम्ही कट्टा ओलांडेपर्यंत चपला हातात घेऊन चालायचो. सगळा अन्याय त्या दहा पावलांत होता. आणि ती दहा पावलं गौडानं दगडांच्या नावावर खपवली होती! मी स्वतः कट्ट्यासमोरून चपला घालूनच जायचो. गौडाचा राग मग अव्वावर निघायचा. तिला काही दिवस त्याच्या शेतावर कामाला बोलावणं यायचं नाही.

तेव्हा मी ठरवलं. त्या चढावरून बसून वर यायचं. पाय न टेकता. एकदा दगडांचा बहाणा गेला की उरेल तो नुसता गौडा.

गाडी होती. दुसरी मोठी लढाई संपल्यावर फौजेनं मोडीत काढलेली एक खाकी मोटारसायकल मंडळाला मिळाली होती, पत्रकं लवकर पोचावीत म्हणून. हुबळी-धारवाड रस्त्यावर मी ती वाऱ्यासारखी पळवायचो. पण रस्ता सुटला की गाडी एकीकडे, मी दुसरीकडे आणि पत्रकं शेतात.

हुबळीत स्टेशनजवळ एक उस्ताद होता. लढाईत मोटारसायकलवरून निरोप पोचवायचा, आता गॅरेज चालवायचा. ढेरपोट्या, बढाईखोर, तोंडाचा फाटका. त्याच्या तोंडून ऐकलं तर अर्धी लढाई त्यानंच जिंकली होती. मी माझा बेत सांगितला तेव्हा तो पोट धरून हसला. मला तो तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचा.

“म्हणजे तुला ट्रायल शिकायचीय! फौजेत साहेब लोक ती शिकवायचे. ही उलटी शर्यत, तम्मा. इथं जो पळाला तो मेला. दगडातनं, चिखलातनं, पाण्यातनं मुंगीच्या पावलानं जायचं. पाय टेकला की गुण गेला.”

“मला गुण नकोत. चढ पाहिजे.”

“रविवारी केलगेरीच्या तळ्यावर ये. आणि चांगलं धोतर नेसून येऊ नकोस.”

केलगेरीच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात मागं हटतं आणि काठाला चिखल, गोटे, बाभळीची मुळं सगळं उघडं पडतं. उस्तादानं तिथं काठ्या रोवून नागमोडी वाट आखली. पहिल्या रविवारी मी त्या वाटेवर धावून गेलो, सभेत घोषणा देत घुसावं तसा. पहिल्याच गोट्यानं मला उचलून पाण्यात टाकलं.

“दगडाशी भांडतोस कशाला?” उस्ताद काठावरून ओरडला. “तो काय तुझं पत्रक वाचणार आहे? पायदानावर उभा राहा! गुडघे सैल! गाडी डावीकडं कलली की बूड उजवीकडं! आणि चाकाकडं काय बघतोस, चाक कुठं पळून चाललंय? जिथं जायचंय तिथं बघ!”

पलीकडे बायका धुणं धूत होत्या. त्यांचं धुणं त्या दिवसापासून लांबत गेलं. उस्तादानं पाय टेकण्याचा नियम त्यांना कानडीत समजावून सांगितला आणि माझं नशीब फिरलं. माझा अंगठा जरी चिखलाला लागला तरी समोरून एका सुरात आरोळी यायची, “कालिट्टा!” पाय ठेवला! हातातलं धोपटणं उगारून ओरडायच्या. मी हुज्जत घालायचो.

“नाही टेकला! चप्पल घासली नुसती!”

“चप्पल कुणाची, तम्मा? तुझ्या पायाचीच ना? मग कालिट्टा!”

एवढे कडक न्यायाधीश मी कोर्टातही पाहिले नाहीत.

सगळ्यात अवघड धडा म्हशीचा. संध्याकाळी म्हशी तळ्यावर यायच्या. उस्ताद म्हणाला, “त्या थोरल्या म्हशीच्या मागं जा. तिला ओलांडायचं नाही, तिला हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही.” म्हैस चालेल तसं चालायचं. क्लच अर्धा दाबलेला, मूठ केसभर पिळलेली, इंजिन घरघरतंय आणि पुढं ती काळी महाराणी शेपटी हलवत चाललीय. मग तिला वाटलं, थांबावं. ती थांबली. मीही थांबलो, दोन चाकांवर, हँडल इकडं-तिकडं हलवत, घामाघूम. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, सावकाश शेण टाकलं आणि पुन्हा चालू लागली. माझा पाय टेकला नव्हता! बायकांनी धोपटणी दगडावर आपटून कडकडाट केला. उस्तादानं मला मिठी मारली. इतका आनंद मला माझ्या कुठल्याही भाषणानं दिलेला नाही, हे मंडळाची माफी मागून सांगतो.

तोंडात तीळ भिजत नाही असा माझा स्वभाव. गावी गेलो आणि कट्ट्यासमोर उभा राहून गौडाला सांगितलं, “गौड्रे, मी हा चढ बसून चढणार. पाय न टेकता.”

गौडा शर्यतीचे बैल पाळणारा माणूस, त्याचे डोळे चमकले. “पैज! न टेकता आलास तर तुझ्या केरीनं खुशाल माझ्यासमोरनं बसून जावं. टेकलास तर रीत आहे तशी चालायची, आणि पुन्हा पत्रक काढायचं नाही. कबूल?”

“कबूल!” मी म्हणालो.

घरी अव्वा भाकऱ्या थापत होती. ऐकलं आणि तिचे हात थांबले.

“म्हंजे तुझा पाय टेकला तर आम्ही सगळ्यांनी जल्मभर उतरायचं?”

“टेकणार नाही, अव्वा.”

“ते न्हाई इचारलं मी. आमचं बसणं तुझ्या पायाला बांधलंस कुणाला इचारून? केरीला इचारलंस?”

पत्रकात ‘आम्ही’ लिहायची इतकी सवय झालेली की कोणाला विचारावं हे डोक्यातच आलं नव्हतं. अव्वानं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, “बरं. तू तुझं कर. आम्ही आमचं बघू.” तिचं काय चाललंय ते मी विचारलं नाही. माझं डोकं चाकोऱ्यांत होतं.

ठरल्या दिवशी सकाळी कट्टा माणसांनी भरून गेला. गौडानं नवा पटका बांधला होता. मी ओढ्यात गाडी उभी केली, चाकांतली हवा थोडी सोडली, पायदानावर उभा राहिलो आणि निघालो. डावी चाकोरी टाळून घळीच्या काठाकाठानं वर. धोंड्यावर चाक चढायचं, घरंगळायचं, पुन्हा धरायचं. अर्ध्या चढावर गाडी जवळजवळ थांबली. मला समोर ती म्हैस दिसली म्हणा ना. मी श्वास धरला, क्लच हळूच सोडला, आणि गाडी पुढं सरकली. वर सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर. मला हसूच यायला लागलं. ज्या पायांकडं या कट्ट्यावरून कोणी कधी चांगल्या नजरेनं पाहिलं नाही, त्यांच्याकडं आज सगळे डोळ्यांत तेल घालून बघत होते!

शेवटचा धोंडा सुटा निघाला. मागचं चाक गर्रकन फिरलं, गाडी उजवीकडं कलली आणि माझा पाय गेला. क्षणभरच. टेकला, उचलला, आणि मी माथ्यावर आलो.

“टेकला!” गौडा कट्ट्यावरून उडी मारून खाली आला. “टेकला, टेकला! हा बघा, इथं!”

“नाही टेकला, घसरला,” त्याचाच पुतण्या म्हणाला.

“घसरला म्हंजे टेकलाच की रे!”

सगळे वाकून त्या धोंड्याभोवती जमले. एकजण बोटानं मातीतली खूण दाखवायला लागला. मी गाडीवरच बसून होतो. टेकला होता. खोटं कसं बोलणार?

तेवढ्यात मागून घुंगरं वाजली. माझ्या मामाची बैलगाडी चाकोरीतून वर येत होती. गाडीत केरीतल्या बायका खच्चून बसलेल्या, पुढं अव्वा, पायात चपला. माझ्या इंजिनाच्या आवाजात आणि त्या धोंड्याच्या भानगडीत ती कोणाला ऐकूच आली नव्हती. गौडानं वर पाहिलं तोवर बैल कट्ट्याशी पोचले होते.

“ए! थांबव गाडी!”

“चढावर कशी थांबवू, गौड्रे?” मामा म्हणाला. “मागं आली तर तुमच्याच अंगावर येईल की.”

बैलांनी शेवटचा हिसका दिला. गाडी कट्ट्यासमोरून गेली, बसलेल्या बायकांसकट.

“पाय टेकलाय त्याचा!” गौडा मागून ओरडला. “पैज हरलाय तो!”

अव्वानं पदर सारखा करत मान वळवली. “त्याचा टेकला, गौड्रे. माझा कुठं टेकला?”

आधी गौडाचा पुतण्या हसला. मग कट्टा हसला. हसणाऱ्यांना रागावता येत नाही आणि धावत्या गाडीतून बायका ओढून काढता येत नाहीत, म्हणून गौडा नुसता उभा राहिला.

पुढचं सांगून टाकतो. त्यानं केरीला कामावर बोलावणं बंद केलं. पेरणी तोंडावर आली आणि बोलावणं पुन्हा आलं. केरीतले काही म्हातारे नंतरही सवयीनं उतरत राहिले. मी त्यांच्यावर चिडायचो आणि ते माझ्यावर हसायचे. पण गाडीतून कोणी कोणाला उतरवलं नाही ते नाहीच.

त्या दिवशी दुपारी मात्र जत्राच झाली. केरीतल्या पोरी, बाप्ये, माझी दात पडलेली आत्या, ज्याला त्याला मागं बसून चढावरून यायचं होतं. खाली ओढ्यात जायचं, एकाला घ्यायचं, वर यायचं. माझे पाय कितीदा टेकले कोण जाणे, कोणी मोजत नव्हतं. आत्या धोंड्याधोंड्याला देवाचं नाव घेत होती आणि वर पोचली की म्हणायची, “अजून एकदा.”

शेवटी अव्वा बसली. माझ्या कमरेला घट्ट मिठी घालून म्हणाली, “एवढं हळू काय चालवतोस रं? पळीव की.”

मी पळवली. आणि ऐन कट्ट्यासमोर इंजिन फटफटलं, खोकलं आणि बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं. मी उतरलो. कट्ट्यावर गौडा एकटाच सुपारी कातरत बसला होता, त्यानं कातरणं थांबवलं.

“उतर, अव्वा,” मी हळूच म्हणालो. “ढकलावी लागणार.”

“मग ढकल,” अव्वा म्हणाली आणि सीटवर आणखी ऐसपैस बसली. “मी न्हाई उतरत.”