मशीनला लावलेलं कुंकू

आमच्या ह्यांच्या घराण्यात कोणे एके काळी दरबारी घोडेस्वार होते. दरबार गेला, घोडे गेले, उरली एक गंजकी तलवार. खंडेनवमीला तिला हळद-कुंकू नि झेंडूची माळ चढते. मागोमाग स्कूटर, मिक्सर, सगळ्यांचा नंबर लागतो.

गेल्या वर्षी माझ्या डायलिसिसच्या मशीनचाही लागला.

माझ्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला, तेव्हा आठवड्यातून तीनदा पलासियाच्या हॉस्पिटलात सुया टोचून घ्यायला जावं लागायचं. जाम वैताग. मग पोटात नळी बसवली आणि हे मशीन घरी आलं. मी झोपते, ते पोटात पाणी भरतं नि काढतं, वर सकाळी आपणहून रिपोर्टही हॉस्पिटलात पाठवतं. लाडकं आहे माझं. अट एकच, स्वच्छता. पोटात इन्फेक्शन झालं की नळी बाहेर आणि मी परत पलासियाला.

तर दसऱ्याच्या सकाळी चष्मा लावून बघते, तर मशीनच्या कडेला कुंकवाचं बोट, मागे खोचलेला झेंडू. रात्रभर मी त्यालाच जोडलेली होते.

"अहो, अक्कल गहाण ठेवलीत का?" मी असं झापलं की पोहे गार झाले.

हे हळूच म्हणाले, "त्या तलवारीनं आपल्या घरात कोणाला वाचवलंय? पूजा ह्याची नाही, तर कोणाची करायची?"

मी अबोला धरला आणि नर्सला फोन लावला.

"आंटीजी, घबराओ मत," ती म्हणाली. "तीन दिन निकला हुआ पानी देखो. थैली के पीछे अखबार रखो. अक्षर साफ दिखें तो ठीक, नहीं तो तुरंत आ जाना."

मी घाबरलेच होते. ते पलासिया मला पुन्हा नको होतं.

रोज सकाळी हे हात धुऊन, मास्क लावून पाण्याच्या पिशवीमागे पेपर धरायचे आणि मोठ्यानं वाचायचे. पहिल्या दिवशी कांद्याचे भाव. दुसऱ्या दिवशी बेटम्याच्या रस्त्याचं काम. "एकदम क्लियर, मॅडम," म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी अर्ध्या ओळीतच थांबले. "धूसर दिसतंय गं."

मी पेपर ओढून घेतला, पिशवीमागे धरून स्वतः बघितलं. अक्षरं लख्ख होती.

"आधी डोळे पुसा," मी म्हणाले. तीन दिवसांत मी ह्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.