वरच्या कोर्टात नेलेली हकिगत

कडक इस्त्रीच्या शर्टाचा वास आला की मला गोंदियाचं जिल्हा कोर्ट आठवतं. धाकट्या भावाचा ट्रॅक्टर रेतीचोरीच्या संशयावरून पोलीस ठाण्याच्या आवारात उभा होता आणि तो सोडायला तालुक्याच्या कोर्टानं नकार दिला होता. इकडे धानाच्या रोवण्याचे दिवस, चिखलणीला ट्रॅक्टर नाही म्हणून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडून राहिले होते, म्हणून आम्ही वरच्या कोर्टात गेलो. घरात बोलका मीच. रेती कशी घराच्या बांधकामाचीच होती, ही सारी हकिगत मी गोरेगावपासून एसटीत घोकत आलो. भाऊ खिडकीशी नखं खात होता. पुकारा झाला तसा मी उभा राहिलो, तोच आमच्या वकिलांनी मला शर्टाला धरून खाली बसवलं. "काका, रेती कोणाची ते इथं नाही विचारत. खालच्या कोर्टानं नकाराचं कारण दिलं का, एवढंच पाहतात." कारण दिलंच नव्हतं. आदेश रद्द झाला. मी भावाची पाठ थोपटली. "मग ट्रॅक्टर?" त्यानं विचारलं. "ते खालचं कोर्ट पुन्हा ठरवेल," वकील म्हणाले. भावाचा चेहरा उतरला. "त्याच साहेबापाशी? मग आपण इथं कायले आलो, दादा?" परतीच्या एसटीत आम्ही दोघंही बांध्यांतले, धानाच्या वाफ्यांतले, लोकांचे हिरवे रोवणे पाहत आलो. ट्रॅक्टर पुढं सुटला, पऱ्हे निम्मे वाचले. हकिगत मात्र कोर्टात सांगायची तशीच राहिली, म्हणून अजूनही पाहुणा आला की मी ती काढतो, आणि भाऊ चहा ठेवत म्हणतो, "ऐका भाऊजी. कोर्ट सुटलं, तुमी फसले."