रविवारची कच्ची फाइल

घानातल्या कुमासी शहराच्या ताफो भागात कुणाच्या घरी माणूस गेलं, की आधी तंबूवाल्याला निरोप जातो आणि लगोलग फोटोवाल्या पोकुआला. सव्वीस वर्षं हेच चाललंय. लग्नं-बारशी ती करत नाही असं नाही, पण तिचं नाव झालं ते मयताच्या कामांत. शनिवारी काळे-लाल कपडे आणि लाल तंबू. रविवारी चर्चमध्ये पांढरे कपडे आणि आभाराची प्रार्थना. या दोन दिवसांत फोटोवालीच्या पोटात काही गेलंय का, हे विचारायचं कुणालाच सुचत नाही. म्हणून तिच्या पिशवीत भाजलेलं केळं आणि मूठभर शेंगदाणे कायम असतात.

शनिवारची तिची रीत ठरलेली. पाहुणा खुर्चीवर टेकला की फोटो काढायचा, तंबूमागच्या छोट्या यंत्रावर छापायचा आणि तो उठायच्या आत त्याच्यासमोर धरायचा. पाहुणा एकदा गाडीत बसला, की फोटो आपल्याच घरात धूळ खात पडणार. त्यामुळे ती सगळे फोटो जेपेगमध्येच काढायची. कॅमेराच रंग लावतो, फाइल दाबून लहान करतो आणि यंत्रात घातली की फोटो हातात. वाट बघणं नाही, कॉम्प्युटर नाही.

तिच्या बहिणीची मुलगी अडोमा अक्राला एका स्टुडिओत काम करते. ती दर खेपेला मागे लागायची, की मावशी, रॉमध्ये काढत जा. रॉ म्हणजे कच्ची फाइल. कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते सगळं तसंच्या तसं ठेवायचं, रंग आणि उजेड मागाहून आपण ठरवायचा. पोकुआला हे पटत नसे. पाहुण्याला काय सांगू, तुमचा चेहरा अजून कच्चा आहे, पुढच्या आठवड्यात या?

“मावशी, घरात कसावा असला तर उकडून खा, तळून खा, नाहीतर कुटून फुफूचा गोळा कर,” अडोमा म्हणायची. “पण एकदा उखळात कुटलास, की त्यातून कसावा परत काढून दाखव.”

“आणि पाहुणा वाटी पुढे करून बसलाय, त्याला काय सोललेला कसावा वाढू?”

शेवटी तडजोड झाली. कॅमेरा एकाच वेळी दोन्ही ठेवू शकत होता, फक्त कार्ड भराभरा भरायचं. म्हणून जे पुन्हा होणार नाही तेवढ्यापुरतं दोन्ही, बाकी सगळं जेपेग. पोकुआनं हे मान्य केलं, पण एका फोटोला दोन फाइली म्हणजे भातापेक्षा चटणीच जास्त, असं तिला वाटायचं.

त्या आठवड्यात नाना अचिया, म्हणजे अचिया आजी, गेल्या. त्र्याण्णव वर्षांच्या. त्यांच्या दोन मुली. थोरली बिरागो, आईजवळ राहिली, शेवटपर्यंत तिचं न्हाणंधुणं केलं. धाकटी फ्रेमा हॅम्बुर्गला. दोघींत अकरा वर्षं बोलणं नव्हतं, ते वडिलांच्या मयतापासून. तेव्हा चौकाचौकांत लागलेल्या मोठ्या फलकावर घरच्यांच्या नावांत फ्रेमाचं नावच नव्हतं. बिरागो म्हणाली, छापणाऱ्याची चूक. फ्रेमा म्हणाली, छापणाऱ्याला यादी कुणी दिली? तिथून पुढे तोंडं फिरली ती फिरलीच. या खेपेच्या फलकावर फ्रेमाचं नाव होतं, ठळक होतं, पण अबोला तसाच होता.

शनिवार नीट पार पडला. लाल तंबूखाली सगळ्यांचे चेहरे मिरची लागल्यासारखे दिसतात. त्यावर पोकुआचा जुना उपाय आहे. तंबूखाली आपला पांढरा रुमाल धरायचा आणि कॅमेऱ्याला सांगायचं, हे बघ, हे पांढरं. मग कॅमेरा लाल रंग मागे रेटतो आणि माणसं माणसांसारखी दिसतात. दिवसभरात दोनशेवर फोटो गेले. घरी येऊन तिनं पाय गरम पाण्यात सोडले आणि झोपली.

रविवारी चर्चच्या आवारात नजर ठरत नव्हती इतकं ऊन. पांढऱ्या कपड्यांचा नुसता लखलखाट. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ओढणीचा आडोसा करून तिनं एकदा पाहिलं. कुणाचे डोळे मिटलेले नव्हते, एवढं तिला पुरलं. लोक नाचत दानपेटीकडे रांगेनं जाऊ लागले तेव्हा कार्ड भरत आलं होतं. रांगेचे फोटो काय, दर रविवारी तेच. तिनं रॉ बंद केलं.

आणि नेमकं तेव्हाच अंपोन्सा मामांनी हाक मारली. नाना अचियांचे हे धाकटे भाऊ, घराण्याचे कारभारी, ऐंशी पार केलेले. त्यांनी भिंतीशी दोन खुर्च्या मांडून घेतल्या होत्या आणि काठीनं दोघी भाच्यांना जागा दाखवत होते.

“दोघी एका फोटोत बसा,” ते म्हणाले. “नाहीतर माझ्या मयताला कुणी येऊ नका. मी एकटा पडून राहीन, मला चालेल.”

दोघी बसल्या. मध्ये हातभर अंतर, नजर समोर, जशा पासपोर्टच्या फोटोला बसतात तशा. पोकुआनं चार फोटो घेतले. मामांनी खुर्च्या जवळ घ्यायला लावल्या, बिरागो उठली, खुर्ची ओढू लागली. हे काही पुन्हा होणार नाही, असं पोकुआच्या मनात आलं. तिचा अंगठा रॉच्या बटणाकडे गेला, एवढं तिला नंतर आठवत होतं. तेवढ्यात आत ढोल सुरू झाले आणि पुढचं तिला आठवत नव्हतं.

बिरागो बसली. फ्रेमाचा डोक्याचा रुमाल एका बाजूला घसरला होता. बिरागोनं तिच्याकडे न बघता हात लांबवून तो नीट खोचला.

“म्हातारी व्हायला आलीस, साधा रुमाल बांधता येत नाही.”

“शिकवणारी बोलत नव्हती ना, ताई,” फ्रेमा म्हणाली. मग तिला हसू आलं, आणि पाठोपाठ रडू. बिरागोचा हात तिच्या डोक्यावरून निघालाच नाही.

निघताना फ्रेमानं पोकुआला बाजूला घेऊन सांगितलं, की मंगळवारी विमान आहे, मला तो एक फोटो दे, बाकी काही नको.

दुपारी, शनिवार-रविवारसाठी अक्राहून आलेल्या अडोमानं कार्ड आपल्या लॅपटॉपमध्ये घातलं आणि पोकुआ गार पडली. सगळं चर्च शेवाळलेलं. पांढरी लेस हिरवट निळी, आणि माणसं पाण्यातून काढल्यासारखी. आधी तिनं लॅपटॉपला नावं ठेवली. मग तिची नजर पिशवीबाहेर लोंबणाऱ्या रुमालाकडे गेली. शनिवारी लाल तंबूसाठी सांगितलेलं पांढरं तिनं बदललंच नव्हतं. कॅमेरा बिचारा रविवारीही लाल रंग रेटत बसला होता, जिथे लाल नव्हताच.

“सकाळच्या रॉ आहेत, त्यांची काळजी नको,” अडोमा म्हणाली. तिनं कुठेतरी एकदा दाबलं आणि प्रार्थनेच्या फोटोंत कपडे पांढरे झाले, माणसांच्या अंगात रक्त आलं. मग रांगेचे फोटो आले. तिथे प्रत्येक फोटोची एकच फाइल. अडोमानं रंग ओढून पाहिले. कपडे कसेबसे पांढरे झाले, पण चेहऱ्यांवर विटकरी डाग उमटले. फाइल दाबताना कॅमेऱ्यानं जे टाकून दिलं, ते आता कुठून आणणार?

पोकुआला रांगेचं काही वाटलं नाही. तिनं फक्त विचारलं, की दोघी बहिणींचे कुठे आहेत.

पहिला फोटो, एकच फाइल. दुसरा, तिसरा, चौथा, तसंच. दोघी निळ्या पडून समोर बघत होत्या, भांडण कालच झाल्यासारख्या. पोकुआ उठून दारात जाऊन उभी राहिली. सव्वीस वर्षांत तिच्या हातून फोटो वाया गेले नव्हते असं नाही. पण ते परत काढता येण्यासारखे होते. मामांनी आता काठी आपटून आपटून मोडली, तरी बिरागोचा हात पुन्हा तसा जाणार नव्हता.

“मावशी.”

“बोल.”

“इकडे ये. पाचव्यापासून दोन-दोन आहेत.”

पोकुआनं खात्री करायला नावं बोट लावून वाचली. एक जेपेग, एक रॉ. अंगठ्यानं आपलं काम केलं होतं. अडोमानं फाइल उघडली. आधी तेच शेवाळ. मग तिनं लेसच्या पांढऱ्यावर बाण ठेवून दाबलं, आणि निळेपणा उतरला. फ्रेमाच्या गालांवर दोन ओल्या रेघा चकाकत होत्या, रुमालाची घडी सुटी सुटी दिसत होती, आणि बिरागोच्या हाताच्या शिरा, आईला उचलून उचलून फुगलेल्या, त्याही.

 मग पोकुआला सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली, आणि ते थंड झालेलं केळं तिनं एकटीनं संपवलं. अडोमानं मागितलं, तेव्हा शेंगदाणे पुढे केले.

“आता सगळं रॉमध्ये काढशील ना?”

“शनिवारी जेपेगच,” पोकुआ म्हणाली. “पाहुणा थांबत नाही. पण रुमाल आता कॅमेऱ्यालाच बांधून ठेवते. रविवारी पट्टा गळ्यात घालताना हाताला लागेल.”

सोमवारी ती दोन प्रती घेऊन गेली. दोघी बहिणी ओसरीवर एकाच परातीत तांदूळ निवडत होत्या, आणि कुणाचे खडे राहतात यावरून त्यांचं चाललं होतं. पहिल्या चार फोटोंचं पोकुआनं खरं ते सांगितलं, की बिघडले, चूक माझी. बिरागोनं हात झटकला. तसल्या चेहऱ्यांचे फोटो बिघडले तर बिघडू देत, म्हणाली.

फोटोच्या पाठीवर नावं लिहायची पोकुआची सवय आहे. तिनं पेन काढलं, तसं बिरागोनं ते काढून घेतलं.

“हे मी लिहिते,” ती म्हणाली. “छापणाऱ्याच्या भरवशावर नको.”

तिनं आधी फ्रेमाचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत, आणि मग खाली स्वतःचं. फ्रेमा खाली मान घालून तेच तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत राहिली. त्या मूठभर तांदळात एकही खडा नव्हता.